अडलं तर विचारा : टायमर वाजला, पण कुठल्या थ्रेडवर?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की स्क्रीनला हात लावायचा तर मेन थ्रेडवरूनच लावा (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांपैकी एक, आणि मेन म्हणजे त्यातला स्क्रीन सांभाळणारा), आणि त्यावर एवढे मेल आले की म्हटलं या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकू. गंमत अशी की मेल पाठवणाऱ्या बहुतेकांनी थ्रेड बनवलेलाच नाहीये, त्यांनी फक्त टायमर लावला आणि थ्रेड मागच्या दाराने घरात शिरला. मेल लांबलचक होते, मी कापून छोटे केलेत, कोड तर पूर्णच काढलाय, राग मानू नका.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जावा स्विंगमध्ये (विंडो-बटणं बनवायच्या जावाच्या टूलकिटमध्ये) क्विझ केलीय. प्रत्येक प्रश्नाला ३० सेकंद, उलटी मोजणी लेबलवर दिसते. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतं पण मैत्रिणीच्या मशीनवर कधी लेबल अर्धवट रंगतं, कधी आकडा अडकून बसतो आणि एकदा तर अख्खी विंडोच गोठली. विंडोवर एरर वगैरे काही येत नाही. माझ्या कोडमध्ये थ्रेड हा शब्दसुद्धा नाहीये हो, फक्त टायमर आहे.

उत्तर : शब्द नाहीये, थ्रेड आहे. फाईलच्या वरच्या इम्पोर्टच्या ओळी बघा. जावात टायमर नावाचे दोन क्लास आहेत, एक जावा-युटिल पॅकेजमधला आणि एक जावाएक्स-स्विंगमधला, नाव अगदी सेम, आणि आयडीई, म्हणजे आपण ज्यात कोड लिहितो ते सॉफ्टवेअर, जेव्हा विचारतो की यातला कुठला, तेव्हा आपण सगळेच घाईत वरच्यावर एंटर मारतो. तुम्ही युटिलवाला घेतलाय. तो बनवला की स्वतःचा एक वेगळा थ्रेड सुरू करतो आणि तुमचं टायमरटास्क त्या थ्रेडवर चालतं. स्विंगवाला टायमर वेळेची वाट दुसरीकडे कुठेतरी बघतो, पण वेळ झाली की तुमचं काम इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर, म्हणजे आपण ज्याला ईडीटी म्हणतो त्याच्यावर आणून चालवतो. बटणाचं क्लिक, कीबोर्ड, विंडो रंगवणं हे सगळं त्याच एका थ्रेडवर एकामागून एक होत असतं, त्यामुळे तुमची टिकही, म्हणजे टायमरचा दर वेळचा ठोका, त्याच रांगेत उभी राहते आणि कुणाच्या मधे मधे करत नाही.

आता युटिलवाल्यातून सेटटेक्स्ट मारलं की होतं काय? लेबलवरचा मजकूर बदलणं हे वाटतं तसं एका झटक्याचं काम नाहीये. आत नवीन स्ट्रिंग ठेवली जाते, प्रॉपर्टी बदलल्याचा इव्हेंट जातो, लेआउट परत मोजायला सांगितलं जातं, रिपेंट मागितला जातो. तुमचा थ्रेड यातल्या मधल्याच पायरीवर असताना ईडीटी तेच लेबल रंगवायला आला तर त्याला अर्धं जुनं अर्धं नवं दिसतं. शिवाय मधे कसलंच सिंक्रोनायझेशन, म्हणजे थ्रेडनी एकमेकांसाठी थांबायची सोय, नसेल तर एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल याची जावा काहीच हमी देत नाही. म्हणून तुमच्याकडे चालतं आणि मैत्रिणीकडे नाही, कोर वेगळे, वेग वेगळा, नशीब वेगळं. आणि एरर का नाही, तर स्विंग तपासतच नाही की तुम्ही कुठल्या थ्रेडवरून आलात, तो मुकाट्याने सहन करतो आणि एक दिवस रुसून बसतो.

तर इम्पोर्ट बदला, स्विंगचा टायमर घ्या, बरंचसं दुखणं तिथेच संपेल. काही कारणाने युटिलवालाच ठेवायचा असेल तर टास्कच्या आतून इन्व्होक-लेटर वापरून लेबलची तेवढी ओळ ईडीटीकडे पाठवा. रिपेंट आणि रिव्हॅलिडेट हे दोन कॉल कुठल्याही थ्रेडवरून चालतात, ते अपवाद. टेक्स्ट एरियाच्या अपेंडबद्दलसुद्धा जुन्या जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये "हे थ्रेड-सेफ आहे" असं लिहिलेलं असायचं, जावा ७ मध्ये ते वाक्य काढून टाकलं, तेव्हा जुन्या पुस्तकावर विसंबू नका.

आकडा अडकण्याचं मात्र आणखी एक कारण असू शकतं. युटिलच्या टायमरला एकच थ्रेड असतो, आणि टास्कमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं, समजा शेवटच्या प्रश्नानंतर अ‍ॅरेच्या बाहेर गेलात, तर तो थ्रेडच मरतो. कन्सोल बघत नसाल तर पत्ताही लागत नाही. नंतर त्याच टायमरवर नवीन काम टाकायला गेलात तर तो म्हणतो टायमर आधीच कॅन्सल झालाय, आणि आपण डोकं खाजवतो की मी कधी कॅन्सल केला.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतो. दर टिकला आकड्यातून एक वजा करताय ना, ते सोडा. टिक उशिरा येऊ शकते, आणि ईडीटी कामात असेल तर स्विंगचा टायमर साचलेल्या टिका एकत्र करून एकच पाठवतो, तो त्याचा डिफॉल्टच आहे. मग तुमचे ३० सेकंद खऱ्या घड्याळात ३१-३२ होतात. सुरुवातीला नॅनोटाइम घेऊन ठेवा आणि प्रत्येक टिकला "आत्ता वजा सुरुवात" काढून ते ३० सेकंदांतून वजा करून दाखवा. टिक म्हणजे फक्त "जरा घड्याळ बघ" अशी आठवण, घड्याळ नव्हे.

प्रश्न : मला हे पटत नाही. आठ-आठ, सोळा-सोळा कोरच्या जमान्यात अख्खी स्क्रीन एकाच थ्रेडवर हा टूलकिटवाल्यांचा आळशीपणा आहे. सगळ्या मेथडना सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकच थ्रेड आत, असं लॉक) लावलं की काम झालं, एवढं काय त्यात?

उत्तर : पटत नाही हे चांगलंय, कारण टूलकिट लिहिणाऱ्यांनाही बरीच वर्षं पटत नव्हतं. जावाचं पहिलं टूलकिट एडब्ल्यूटी सुरुवातीला कुठल्याही थ्रेडवरून वापरता येईल अशाच इराद्याने केलेलं होतं. ते का जमत नाही यावर जावा बनवणाऱ्या सन कंपनीतल्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये सविस्तर लिहिलं होतं, त्यातला मुख्य मुद्दा मी माझ्या भाषेत सांगतो.

अरुंद जिना डोळ्यासमोर आणा. एकजण वरून कपाट घेऊन उतरतोय आणि एकजण खालून पलंग घेऊन चढतोय. तुमचा कोड वरून खाली उतरतो : तुम्ही पॅनलला सांगता, पॅनल बटणाला, बटण शेवटी ऑपरेटिंग सिस्टमला, आणि उतरताना प्रत्येकाचं लॉक घेत जाता. माऊसचं क्लिक बरोबर उलटं येतं : ऑपरेटिंग सिस्टमकडून बटणाकडे, तिथून पॅनलकडे, तिथून तुमच्या लिसनरकडे, तेही लॉक घेत घेत. आता एका थ्रेडकडे पॅनलचं लॉक आहे आणि त्याला बटणाचं हवंय, दुसऱ्याकडे बटणाचं आहे आणि त्याला पॅनलचं हवंय. दोघंही सभ्य, दोघंही वाट बघतायत, आणि विंडो पांढरी पडलीय. या कोंडीलाच डेडलॉक म्हणतात, तो टाळायचा नेहमीचा उपाय म्हणजे सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायची, पण इथे दोन्ही दिशा तितक्याच स्वाभाविक आहेत, क्लिकला तुम्ही सांगू शकत नाही की बाबा तू वरून ये.

आणि तुम्ही स्वतःच्या कोडमध्ये सिंक्रोनाइज्ड लावून तर काहीच होत नाही. लॉकचा उपयोग तेव्हाच जेव्हा दोन्ही बाजू तेच लॉक घेतात. रंगवणारा ईडीटी तुमच्या लॉकला विचारायला येतच नाही, तुम्ही दाराला कुलूप लावलंत आणि तो खिडकीतून आत आहे. म्हणून स्विंग, विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, जावाएफएक्स, अँड्रॉइड, आयफोनचं यूआयकिट, क्यूटी, अशा सगळ्या टूलकिटमध्ये फिरून फिरून नियम तोच निघतो. आळस म्हणा हवं तर, पण हात पोळल्यावर आलेला आळस आहे. बाकीचे पंधरा कोर हिशोब करायला, फाईल वाचायला, फोटो लहान करायला वापरा की, तिथे कुणी अडवलंय.

प्रश्न : आमच्या ऑफिसमध्ये एक विनफॉर्म्सचं (डॉटनेटमधल्या विंडो बनवायच्या टूलकिटचं) सॉफ्टवेअर आहे, मशीनचं रीडिंग दर २०० मिलिसेकंदांना फॉर्मवर दाखवतं. डीबगला चालवलं की "क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड" असं यायचं. सीनियरने चेक-फॉर-इललीगल-क्रॉस-थ्रेड-कॉल्स ही सेटिंग फॉल्स करायला सांगितली, मेसेज बंद झाला. पण आता दिवसातून एखादवेळी ग्रिड विचित्र दिसतो, आणि मी इन्व्होक लावून बघितलं तर फॉर्म बंद करताना सॉफ्टवेअर हँग होतं. तीन प्रकारचे टायमर दिसतात, कुठला घ्यायचा?

उत्तर : सीनियरना नमस्कार सांगा, पण हे म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ती सेटिंग फॉल्स केल्याने चूक दुरुस्त होत नाही, चूक सांगणारा गप्प होतो. डॉटनेट २.० मध्ये ही तपासणी मुद्दाम आणली, कारण त्याआधी लोक वर्षानुवर्षं असेच विचित्र ग्रिड बघत बसायचे. आधी ती ओळ काढा.

तीन टायमरचं असं आहे. फॉर्म्सवाला टायमर विंडोजच्या मेसेज रांगेतून येतो, टिक थेट यूआय थ्रेडवर, म्हणजे स्क्रीनच्या मेन थ्रेडवर, चालते, इन्व्होकची गरजच नाही, फक्त तो फार काटेकोर नाही, मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रात त्याची अचूकता ५५ मिलिसेकंद दिलीय. थ्रेडिंगवाला टायमर थ्रेडपूलवर, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या थ्रेडच्या ताफ्यावर, चालतो, त्याला फॉर्मचं काही सोयरसुतक नाही. आणि टायमर्स नेमस्पेसवाला तिसरा, तो सगळ्यात जास्त गोंधळ घालतो, कारण त्याला सिंक्रोनायझिंग-ऑब्जेक्ट दिला असेल तर तो फॉर्मच्या थ्रेडवर येतो आणि नसेल दिला तर थ्रेडपूलवर. डिझायनरमधून फॉर्मवर टाकला तर ती प्रॉपर्टी आपोआप भरली जाते, हाताने कोड लिहिला तर रिकामी राहते, म्हणून एकाच्या फॉर्मवर चालतं आणि तोच कोड दुसऱ्याने कॉपी केला की फुटतं. वर डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये हा टायमर आपल्या हँडलरमधली एक्सेप्शन गिळून टाकतो, म्हणजे आतमध्ये काही बिघडलं तरी वरून सगळं छान.

तुमच्याकडे २०० मिलिसेकंद म्हणजे फॉर्म्सवाला टायमर दाखवण्यापुरता अगदी पुरेसा आहे. पण मशीनला विचारायला वेळ लागत असेल तर रीडिंग मागचा थ्रेड घेऊ दे, त्याने ताजं रीडिंग एका व्हेरिएबलमध्ये लॉक लावून ठेवावं, आणि फॉर्म्सच्या टायमरने ते उचलून दाखवावं. मला स्वतःला ही रचना सगळ्यात आवडते. मागचा थ्रेड फॉर्मला ओळखतही नाही, तो सेकंदाला हजार रीडिंग घेऊ दे, फॉर्म आपल्या चालीने पाचच वेळा बघणार.

हँगचं कारण सांगतो. मलाही यात एकदा दोन दिवस गेले होते, आणि तेसुद्धा ग्राहकाला दाखवायच्या आदल्या आठवड्यात. इन्व्होक म्हणजे "हे यूआय थ्रेडवर कर आणि होईपर्यंत मी इथे थांबतो". फॉर्म बंद होताना तुम्ही यूआय थ्रेडवर काय करताय, तर मागचा थ्रेड संपायची वाट बघताय. तो थांबलाय तुमच्यासाठी, तुम्ही थांबलाय त्याच्यासाठी. इन्व्होकऐवजी बिगिन-इन्व्होक घ्या, ते चिठ्ठी टाकून पुढे निघून जातं. मात्र चिठ्ठ्या उचलण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने टाकू नका, नाहीतर रांग वाढत जाते आणि क्लिकला उत्तर यायला उशीर व्हायला लागतो. आणि फॉर्म डिस्पोज झालाय का हे चिठ्ठीच्या आतसुद्धा, म्हणजे यूआय थ्रेडवर पोचल्यावर, तपासा. नुसतं बाहेर तपासलं तर तपासणं आणि पोचणं यांच्या मधल्या फटीत फॉर्म गेलेला असू शकतो.

प्रश्न : तुमचा सल्ला ऐकून सगळे टायमर यूआयवाले केले. आता क्रॅश नाही पण स्क्रीन अडखळते. आणि टिकमध्ये एरर आली की मेसेजबॉक्स दाखवतो, तर एकावर एक वीस मेसेजबॉक्स आले!

उत्तर : वीसवर सुटलात. यूआयवाला टायमर हा मागे काम करणारा गडी नाही, तो यूआयच्याच थ्रेडचा वेळ खातो. स्क्रीन ६० हर्ट्झची धरली तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात तुम्ही नेटवर्कवरून फाईल वाचायला गेलात तर बिचारी अडखळणारच. जड काम बाहेर, स्विंगमध्ये असाल तर जावा ६ पासून स्विंगवर्कर आहे, डॉटनेटमध्ये असिंक-अवेट आहे, टिकने फक्त तयार उत्तर दाखवायचं.

मेसेजबॉक्सचं म्हणाल तर तो उघडा असताना तुमची ओळ थांबलेली असते, पण बॉक्स स्वतः मेसेजची रांग चालवत असतो, नाहीतर त्याचं ओके बटण कसं दाबलं जाईल? त्याच रांगेत पुढची टिक येते, ती परत एरर देते, परत बॉक्स. टिकच्या पहिल्याच ओळीत टायमर थांबवा, सगळं आटपल्यावर सुरू करा. थ्रेडपूलवाल्या टायमरला तर बॉक्सचीही गरज नसते, आधीची टिक संपायच्या आत पुढची टिक दुसऱ्याच थ्रेडवर सुरू होते आणि तुमचाच कोड तुमच्याच कोडशी भांडतो.

प्रश्न : पायथॉन टीकेइंटरमध्ये थ्रेडिंगमधला टायमर वापरून लेबल बदलते. कधीकधी "मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप" असं येतं.

उत्तर : थ्रेडिंगवाला टायमर इथे नकोच. विंडोची स्वतःची आफ्टर नावाची मेथड आहे, मिलिसेकंद आणि फंक्शन द्या, ते मेन लूपमध्येच चालतं. एकदाच चालतं हं, म्हणून फंक्शनच्या शेवटी परत आफ्टर लावायचं. मागे खरंच थ्रेड हवा असेल तर त्याने निकाल क्यूमध्ये टाकावा आणि दर १०० मिलिसेकंदांनी आफ्टरवालं फंक्शन क्यू उपसून लेबल बदलेल. क्यू उपसताना न थांबणारा गेट वापरा, साधा गेट लावलात तर क्यू रिकामी असताना विंडोच गोठेल.

प्रश्न : अँड्रॉइडमध्ये ऑनक्रिएटमध्ये थ्रेड सुरू करून लगेच टेक्स्टव्ह्यू बदलला तर चालतो. तोच कोड दोन सेकंदांच्या टायमरने चालवला तर अ‍ॅप क्रॅश. दोन्ही ठिकाणी थ्रेड चुकीचाच आहे ना? मग पहिल्यांदा का चालतं?

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. "ज्या थ्रेडने व्ह्यू बनवले त्यानेच त्यांना हात लावावा" ही तपासणी टेक्स्टव्ह्यूच्या आत नसते, ती सगळ्या व्ह्यूंच्या वर बसलेल्या व्ह्यूरूट-इम्पल नावाच्या क्लासमध्ये असते. ऑनक्रिएट चालू असताना तो जन्मालाच आलेला नसतो, अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे अॅपची ती स्क्रीन) रिझ्यूम झाल्यावर येतो. म्हणजे चौकीदार ड्युटीवर यायच्या आधी तुम्ही आत गेलात. चालतं म्हणून बरोबर आहे असं नाही, फोन जरा हळू असला किंवा थ्रेड जरा उशिरा उठला की तोच कोड पडेल.

मेन लूपरचा हँडलर (मेन थ्रेडकडे काम पाठवणारा) घ्या आणि पोस्ट-डिलेड करा. ऑनस्टॉपमध्ये रिमूव्ह-कॉलबॅक्स विसरू नका. फोन आडवा केला की अ‍ॅक्टिव्हिटी नवीन बनते, जुना टायमर जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीला धरून तसाच टिकटिकत राहतो, आणि मग मेमरी पण अडकते आणि तेच काम दोनदा पण होतं.

प्रश्न : आयफोन अ‍ॅपमध्ये टायमर मेन थ्रेडवरच आहे, तरी लिस्ट स्क्रोल करताना घड्याळ थांबतं. थ्रेडचाच प्रॉब्लेम ना?

उत्तर : नाही, थ्रेड इथे निर्दोष आहे. टायमर रनलूपच्या (मेन थ्रेडवरची कामं एकेक उचलणाऱ्या चक्राच्या) डिफॉल्ट मोडमध्ये टाकलेला असतो आणि बोट स्क्रीनवर फिरत असताना रनलूप ट्रॅकिंग मोडमध्ये जातो. टायमर कॉमन मोड्समध्ये टाका, चालेल.

प्रश्न : स्टॉप केल्यावरही एकदा टिक येते. भास आहे का?

उत्तर : भास नाही. डॉटनेटमधला टायमर्सवाला टायमर थ्रेडपूलवर चालत असेल तर तुम्ही स्टॉप म्हणायच्या आधीच एखादी टिक पूलच्या रांगेत लागलेली असते, ती नंतर उगवते. जावाच्या युटिलवाल्यात कॅन्सल केलं तरी आत्ता चालू असलेलं टास्क पूर्ण होतंच, आणि त्याने इन्व्होक-लेटरने आधी टाकलेली कामं ईडीटीवर चालतातच, त्यांना कॅन्सलची बातमी कोण देणार. एक बूलियन ठेवा, "चालू आहे का", तो यूआय थ्रेडवरच बदला आणि यूआय थ्रेडवरच वाचा, म्हणजे त्याला लॉकही लागत नाही. टिक पोचली, बूलियन फॉल्स दिसला, तशीच परत जाईल.